नाही म्हणले तर?

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे तळाला गेले, की आमच्या घरी एक कार्य निघते. ते म्हणजे अक्काच्या हयातीचा दाखला. अक्का माझी थोरली बहीण. वय ऐंशी. दाजी फौजेत होते; हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि २००९ साली गेले. तेव्हापासून अक्काला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते आणि दर नोव्हेंबरात ती जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते. चालत्याबोलत्या माणसाने आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा, ही कल्पना पहिल्या वर्षी तिला अपशकुनी वाटली. दुसऱ्या वर्षी तिला तिची गंमत वाटू लागली. आता ती त्या दिवशी धुवट लुगडे नेसते, कपाळाला बुक्का लावते आणि ओट्यावर येऊन बसते. “चल रे, मी जित्ती हाये म्हणून सांगून येऊ,” असे मला फर्मावते.

काही वर्षांपूर्वी एकदा हा दाखला वाटेत कुठे तरी अडकला आणि दोन महिने अक्काचे पैसे आले नाहीत. ती माझ्याकडेच राहते, तेव्हा तिच्या जेवणाखाणाचा प्रश्न नव्हता. पण तिच्या चष्म्याला, गोळ्यांना, नातवंडांच्या हातावर ठेवायच्या नोटेला तिने आजवर कधी माझ्याकडे हात पसरलेला नाही. त्या दोन महिन्यांत तिने गोळ्या निम्म्या केल्या. मला ते पुष्कळ उशिरा कळले. मी हेलपाटे घालीत होतो आणि खिडकीपलीकडचा मुलगा मला सांगत होता, “वरूनच आलं नाही, काका.”

“वर म्हणजे कुठं?” अक्काने घरी आल्यावर विचारले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. असा प्रश्न म्हणजे मला मेजवानीच. मी म्हटले, “वर म्हणजे दिल्लीत. तुझे पैसे संसद मंजूर करते. दर वर्षी नव्याने.”

“दर साली?”

“दर साली.”

अक्का थोडा वेळ वातीचा कापूस पिंजत राहिली. मग म्हणाली, “मग एखाद्या साली ते नाही म्हणले तर?”

तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. विधेयकाची पहिली, दुसरी, तिसरी वाचने मी फळ्यावर बाण काढून शिकवली होती. पोरांनी ती पाठ करून पाच-पाच गुण मिळवले होते. पण ‘नाही’ या शब्दाला फळ्यावर जागा ठेवण्याचे मला कधी सुचले नव्हते. तेव्हापासून अक्काचा तो प्रश्न माझ्यामागे लागला आहे.

मी तिला समजावले ते कोठीच्या भाषेत. एकत्र कुटुंबात धान्याची कोठी असते आणि किल्ली सासूच्या कमरेला. भारत सरकारचा सगळा महसूल, सगळे कर्जाऊ पैसे अशा एका कोठीत जमा होतात. राज्यघटनेत तिला ‘एकत्रित निधी’ म्हटले आहे. सुना म्हणजे खाती. एक फेब्रुवारीला अर्थमंत्री सगळ्या घराचा अंदाज वाचून दाखवतात. मग एकेक खाते सासूपुढे येऊन सांगते, मला एवढे लागतील. या झाल्या अनुदानाच्या मागण्या. शंभरावर असतात. फौजेच्या चार: क्रमांक १९ ते २२. १९ खात्याच्या मुलकी खर्चाची, २० जवानांच्या पगारापासून दारूगोळ्यापर्यंत चालू खर्चाची, २१ नव्या विमानांची, जहाजांची, तोफांची आणि २२ निवृत्तिवेतनांची.

“म्हंजे मी बावीस नंबरात,” अक्का म्हणाली.

“बावीस नंबरात. आता सासूला तीन गोष्टी करता येतात. मागितले तेवढे द्यायचे, अजिबात द्यायचे नाही, किंवा कमी करून द्यायचे.”

“आन् जास्त?”

“मागितल्यापेक्षा जास्त देता येत नाही. तसा अधिकारच नाही.”

“मग ती कसली सासू!” अक्काने निकाल दिला.

खरे आहे. पण यात एक जुने शहाणपण आहे. पैसे मागण्याची जबाबदारी सरकारची, कारण खर्चाचा जाबही त्यालाच द्यायचा असतो. सभासदाने उठून माझ्या गावाला एवढे वाढवून द्या म्हणायचे, असे चालू झाले तर कोठी दोन महिन्यांत रिकामी. सभासदाच्या हातात दिली आहे ती कपातसूचना. तिचे तीन प्रकार आहेत आणि मला ते फार आवडतात. सरकारचे धोरणच पटत नसेल तर ‘ही मागणी एक रुपयावर आणावी’ असे म्हणायचे. हजारो कोटींची मागणी आणि तिच्यापुढे एक रुपया! उधळपट्टी होत असेल तर तेवढी नेमकी रक्कम कापा म्हणायचे. आणि एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल, तर शंभर रुपये कापा म्हणायचे. शंभर रुपयांनी खात्याचे काही बिघडत नाही, पण मंत्र्याला उभे राहून त्या गाऱ्हाण्याचे उत्तर द्यावे लागते. अक्काच्या दोन महिन्यांच्या पैशांपायी कोणी शंभर रुपयांची सूचना मांडली असती, तर देशाचे संरक्षणमंत्री तिच्या निम्म्या केलेल्या गोळ्यांबद्दल बोलले असते. निदान नियमांत तशी सोय आहे.

मागण्या मंजूर झाल्या तरी कोठी उघडत नाही. त्या सगळ्यांचे मिळून एक विनियोजन विधेयक होते, ते पुन्हा मंजूर व्हावे लागते. त्या कायद्याशिवाय एक पैसा बाहेर काढता येत नाही. राज्यसभा म्हणजे थोरली जाऊ. तिने चौदा दिवसांत सल्ला द्यावा. किल्ली तिच्याकडे नाही. तोवर ३१ मार्च उजाडत असेल, तर थोडे दिवस भागण्यापुरते लेखानुदान मागून घ्यायचे. वर्षाच्या मध्ये कमी पडले तर पुरवणी मागण्या.

एवढे सगळे सांगताना मी एक चूक केली. राष्ट्रपतींचा पगार, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, सरकारी कर्जाचे व्याज यांवर मत घेतच नाहीत, ते कोठीवर आधीच भारित असतात, हेही ओघात सांगून गेलो. अक्काने हातातला कापूस खाली ठेवला.

“म्हंजे त्यांच्या पगाराला कुणी नाही म्हणू शकत नाही. आन् शिपायाच्याच बाईला तेवढं म्हणायचं?”

त्या वेळी मी काही तरी सारवासारव केली. न्यायाधीशाने सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून त्याचे जेवण कोणी तोडू नये, यासाठी तसे केले आहे, असे सांगितले. ते खरेच आहे. पण शिपायाचे काय? पुढे पुस्तके चाळताना ध्यानात आले, की शिपायाचा पैसा दर वर्षी मागावा लागतो ही नजरचूक नव्हे. ती गोष्ट माणसांनी फार झगडून मिळवलेली आहे. इंग्लंडात १६८९ साली राजाला बजावण्यात आले, की शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीवाचून तुला खडे सैन्य बाळगता येणार नाही. राजाच्या हाती फौज असली आणि तिच्या पगारासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसला, तर ती फौज उद्या कोणावर चालून येईल याचा भरवसा काय? अमेरिकेच्या घटनाकारांनी तर लिहूनच ठेवले, की सैन्यासाठीची तरतूद दोन वर्षांपेक्षा अधिक मुदतीची करता येणार नाही. शिपायाच्या बाईला वेठीस धरावे हा त्यात हेतू नव्हता. शिपायाच्या धन्याला दर वर्षी दाराशी यायला लावायचे होते.

आमच्याकडे हे दार फार काळ बंद होते. १९०२ च्या मार्च महिन्यात गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात आपले अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण करायला उभे राहिले. समोर लॉर्ड कर्झन. सरकारने कोट्यवधी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि सगळे तोंड भरून तिचे कौतुक करीत होते. गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले, की दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेहून जादा कर घेतल्यामुळे ही शिल्लक उरली आहे. मिठावरचा कर कमी करा, लष्कराचा वाढता खर्च आवरा, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. आपल्या शाळांतून गोखल्यांचे गणित सांगतात, त्यांचा नेमस्तपणा सांगतात. पण ते भाषण संपल्यावर काय झाले ते सांगत नाहीत. काहीच झाले नाही. होणारच नव्हते. सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. देशातला सर्वांत तयारीचा माणूस रात्र रात्र जागून आकडे जुळवतो, दोन तास बोलतो आणि खाली बसतो. आणि ‘नाही’ हा एक शब्द उच्चारण्याची सोय नाही म्हणून सगळे जिथल्या तिथे राहते! १९१९ च्या सुधारणांनी मध्यवर्ती विधिमंडळाला काही मागण्यांवर मत देण्याचा अधिकार मिळाला, पण लष्कराचा खर्च त्यातून मुद्दाम वगळला होता. लष्कराच्या खर्चाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार या देशाच्या प्रतिनिधींना मिळाला तो स्वातंत्र्यानंतर.

आम्हां शेंद्रेकरांना तर इंग्रजांचेही कौन्सिल नव्हते. आमचा मुलूख निजामाचा. वडील सांगत, की संस्थानात दिवाणी महसूल वेगळा आणि निजामाच्या खासगीचा, सर्फ-ए-खासचा, महसूल वेगळा. शेतकरी दोन्हीकडे सारखाच नागवा. घातलेल्या साऱ्यातून रस्ता होतो, का बंदुका येतात, का कोणाच्या गळ्यात हिऱ्यांचा हार पडतो, हे विचारण्याची रीतच नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेले. पण त्या काळाने वडिलांच्या अंगी एक खोड मुरवून ठेवली होती: कोणाला एक पैसा दिला तरी पावती मागायची.

या खोडीचा एक प्रसंग मला लख्ख आठवतो. १९६२ सालची दिवाळी उरकत आली होती आणि चीनने हिमालयात मुसंडी मारली होती. मी पाचवीत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री होण्यासाठी दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला निघाला, असे तेव्हा घरोघर म्हणत. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव वर्गणी गोळा होत होती. आमच्या चावडीसमोर टेबल मांडले होते, त्यावर पांढरे फडके आणि फडक्यावर बायकांनी आणून ठेवलेले बारीकसारीक सोने. आईने आपल्या एकदाणीतला एक मणी काढून फडक्यावर ठेवला. एकाच मण्याने एवढा फरक काय पडायचा, असे आज वाटते; पण आईच्या गळ्यात मुळी मणी होते किती! वडील पुढे झाले आणि टेबलामागच्या कारकुनाला म्हणाले, “पावती?”

आई संतापली. घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही. “देवाला वाहिलेल्याची पावती घेता का?” एवढेच तिसऱ्या दिवशी म्हणाली. वडील म्हणाले, “देवाची नको. सरकारची पायजे.”

दोघांपैकी बरोबर कोण, हे मला तेव्हा ठरवता आले नाही, अजूनही येत नाही. तो निधी लोकांनी आपखुषीने दिलेला, त्याला संसदेची मंजुरी लागत नाही; आईच्या मण्याला ‘नाही’ म्हणायला कोणी बसले नव्हते. पण युद्ध मण्यांवर चालत नाही. पुढच्या, १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये मागण्यात आले. आदल्या वर्षी आरंभी धरलेल्या रकमेच्या ते दुपटीहून अधिक होते. त्यासाठी कर वाढले, सक्तीची बचत आली, सोन्यावर नियंत्रण आले. या सगळ्याला मात्र सभागृहाचा होकार घ्यावा लागला आणि त्या होकाराची पावती म्हणजे आजही महालेखापरीक्षकाचा अहवाल. मंजूर केलेला पैसा मंजूर केलेल्या कामावरच गेला का, हे तो पाहतो आणि लोकलेखा समिती त्यावर खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारते. १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. वडिलांना हे कळले असते, तर आईपुढे त्यांना एक मुद्दा मिळाला असता.

जाता जाता एक गोष्ट. मागणारा आणि तिजोरी सांभाळणारा या दोन्ही खुर्च्यांवर बसलेले दोन चव्हाण महाराष्ट्राने दिले. यशवंतराव १९६६ पर्यंत संरक्षणमंत्री होते आणि पुढे १९७० पासून चार वर्षे अर्थमंत्री. दुसरे शंकरराव, आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणला जन्मलेले. ते १९८४ मध्ये काही महिने संरक्षणमंत्री होते आणि १९८९ चा अर्थसंकल्प त्यांनी मांडला. शाळेला शोभणारी कडक शिस्त त्यांच्या अंगी होती, त्यामुळे आम्हां मास्तरांना ते आपले वाटत.

अक्का करमाडला दिली होती. दाजी १९७१ च्या लढाईला गेले तेव्हा तिच्या पदरी दोन मुले होती. ते परतले. त्या लढाईबद्दल त्यांनी आम्हांला फारसे कधी सांगितले नाही. बर्फाबद्दल मात्र पुष्कळ सांगत. पुढे करमाडची शेती भावकीत वाटली गेली. शेंद्र्याची आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. जिथे कापूस वेचायला अक्का लहानपणी आईबरोबर जाई, तिथे आज रुंद रस्ते आहेत आणि रात्री इतका उजेड असतो की चांदणे ओळखू येत नाही. नंतर त्या वसाहतीला लागून नवे औद्योगिक शहर उभे राहिले, राज्य आणि केंद्र यांच्या भागीदारीतले, ५१ आणि ४९ टक्क्यांचे. म्हणजे आमच्या बांधावरच्या रस्त्यातला काही हिस्साही दिल्लीच्या त्याच कोठीतून आलेला. जमिनीचे पैसे एकदाच आले आणि ज्याच्या त्याच्या अकलेप्रमाणे गेले. अक्काचे दरमहा येतात. गावात तिच्या वयाच्या बायकांत ताठ मानेने बसणारी ती एकटी आहे, याचे कारण तो क्रमांक २२.

हे सगळे ऐकल्यापासून अक्काला आपला नंबर मंजूर होताना पाहायचा होता. २०२३ साली तो योग आला. पाडव्याचा दुसरा दिवस, २३ मार्च. आदल्या दिवशीची पुरणपोळी दुधात कुस्करून आम्ही दोघे दूरदर्शन संचापुढे बसलो. संसदेची वाहिनी लावली. त्या वर्षी संरक्षणासाठी सुमारे ५ लाख ९४ हजार कोटी मागितले होते आणि त्यात निवृत्तिवेतनाचे १ लाख ३८ हजार कोटी. मी अक्काला सांगून ठेवले होते, की आधी चर्चा होईल, कपातसूचना येतील, मंत्री उत्तर देतील, मग तुझा नंबर.

सभागृहात दोन्ही बाजूंनी घोषणा चालू होत्या. सत्तेवरचे विरोधकांच्या नावाने ओरडत होते, विरोधक सत्तेवरच्यांच्या. ती अधिवेशने तशीच चालली होती. एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा झाली नव्हती. संध्याकाळी अध्यक्षांनी सगळ्या कपातसूचना एकदम मताला टाकल्या. त्या फेटाळल्या गेल्या. मग उरलेल्या, म्हणजे सगळ्याच, मागण्या एकदम मताला टाकल्या. त्या मंजूर झाल्या. लगेच विनियोजन विधेयक आले, तेही मंजूर झाले. सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा तो अर्थसंकल्प होता. आमच्या वाट्यांतले दूध संपले नव्हते.

याला संसदेच्या बोलीत ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रान्समध्ये माणसांची मुंडकी उडवण्याचे जे यंत्र होते, त्याचे नाव. चर्चेचे ठरलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्यांवर हे पाते पडते. त्याखाली मागणी सुखरूप राहते आणि मुंडके उडते ते बोलण्याचे. एरवी निदान चार-सहा खात्यांवर बोलणे होऊन मग पाते पडायचे. त्या वर्षी, आणि त्याआधी २०१८ साली, पाते आधी पडले.

“आपला नंबर कधी?” अक्काने विचारले.

“गेला.”

“कवा?”

“आत्ता. सगळ्यांबरोबर.”

अक्काने वाटी खाली ठेवली. “कुणी काही बोललंच नाही की.”

“बोलायला कशाला हवे? मंजूर झाले ना तुझे पैसे?”

“झाले. पण शिपायाचं नाव तरी घ्यायचं होतं.”

मला तिचे बोलणे तेव्हा भाबडे वाटले. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटेनासे झाले. गोखल्यांना बोलता येत होते आणि नाही म्हणता येत नव्हते. आमच्या प्रतिनिधींना नाही म्हणता येते आणि ते बोलतही नाहीत. शिवाय म्हणता येते हेही आता अर्धेच खरे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याची जागाच जाते. आणि सत्ताधारी बाजूची एखादी मागणी खरोखर नामंजूर झाली तर सभागृहाचा विश्वास गेला असे समजून सरकार पडते. म्हणून ते कोणी होऊ देत नाही. तेव्हा अक्काच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: ते नाही म्हणणार नाहीत, म्हणाले तर ते सरकार राहणार नाही, आणि येणाऱ्या सरकारला पहिल्याच दिवशी तुझे पैसे मागावे लागतील.

कोणी म्हणेल, खरे काम समित्यांत होते. होते, हे मी कबूल करतो. पूर्वी, १९५० साली, मावळंकर सभापती असताना अंदाज समिती आली; १९९३ पासून खात्याखात्यांच्या स्थायी समित्या आहेत. आज त्या चोवीस आहेत आणि एकेकीत दोन्ही सभागृहांचे मिळून एकतीस सभासद. संरक्षणाची समिती चारही मागण्या उलटसुलट तपासते, अधिकाऱ्यांना विचारते, शिफारशी लिहिते. घोषणा नसतात, कारण तिथे कॅमेरे नसतात. पण समितीच्या खोलीत झालेले शहाणपण अक्काच्या ओट्यापर्यंत पोहोचत नाही. आणि समितीला कापण्याचा अधिकार नाही. ती सांगते. कापायचे ते सभागृहाने.

मी हे लिहितो आहे खरा, पण माझे हात काही धुतलेल्या तांदळाचे नाहीत. निवृत्त होण्यापूर्वी मी आमच्या मास्तरांच्या एका पतसंस्थेचा सभासद होतो. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जाई, मागच्या बाजूला बटाटेवड्यांचा घाणा चालू असे, आणि वास नाकात शिरला की आम्ही सगळे एका सुरात ‘मंजूर, मंजूर’ म्हणत असू. एके वर्षी एक तरुण शिक्षक उठून एका रकमेबद्दल विचारू लागला, तर आम्हीच त्याला खाली बसवले. वडे थंड होत होते. पुढे त्याच रकमेत घोळ निघाला. तो शिक्षक आजही रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो. मीच दुसरीकडे पाहतो.

दुसऱ्या टोकाचा प्रकारही आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या दिवाळीत, आम्ही फराळ करीत होतो तेव्हा अमेरिकेचे सरकार बंद होते. तिथे सैन्याने काय करावे याचा कायदा वेगळा आणि त्यासाठी पैसे देण्याचा वेगळा. आणि पैशांचे कायदे वेळेत झाले नाहीत तर कचेऱ्यांना टाळे लागते, सरकार मात्र पडत नाही. १ ऑक्टोबरला टाळे लागले ते १२ नोव्हेंबरला निघाले. त्रेचाळीस दिवस. लाखो नोकरांना पगार नाही. सैनिकांचे पगार दुसऱ्या खात्यातला पैसा वळवून भागवावे लागले. तिथे ‘नाही’ला खराच दम आहे. पण त्या ‘नाही’ने तिकडच्या किती अक्कांच्या गोळ्या निम्म्या झाल्या असतील! माझा जीव या दोहोंच्या मध्ये लोंबकळतो. आमच्या सभागृहाला ‘नाही’ म्हणताना मला ऐकायचे आहे आणि अक्काचे पैसेही एक तारखेला हवे आहेत. शंभर रुपयांची कपातसूचना मला आवडते ती त्यासाठीच. तिने शिपायाचा पगार थांबत नाही, पण मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. ती सूचना आमच्याकडे आहे. मांडणारा आणि ऐकणारा, दोघे समोरासमोर बसण्याचा तेवढा प्रश्न आहे.

गेल्या नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे आम्ही दाखल्याला गेलो. त्या वर्षी संरक्षणाची मागणी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटींची होती आणि त्यात अक्काच्या नंबराचे १ लाख ६० हजार कोटींहून अधिक. जाताना रिक्षात मी तिला हे सांगितले. तिने बोटे मोडून पाहिली आणि नाद सोडला.

केंद्रावरच्या पोराने तिचा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्राने घेतला नाही. दुसरा ठेवला, तोही नाही. कापूस वेचून, भाकऱ्या थापून तिच्या बोटांच्या रेघा कधीच्या पुसल्या गेल्या आहेत. मग त्याने मोबाइल तिच्या चेहऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, “आजी, इकडं बघा. आता डोळे मिटा. उघडा. परत मिटा.” अक्काने देवापुढे मिटावेत तसे घट्ट डोळे मिटले. उघडले. पडद्यावर हिरवी खूण उमटली. पोराने यंत्रातून कागद काढून तिच्या हातात दिला.

“ही पावती, आजी.”

तिने ती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवली. पायऱ्या उतरताना माझा हात धरून म्हणाली, “अंदा तरी कुणी बोललं का रे, आमच्या नंबरावर?”

मी म्हटले, “घरी गेल्यावर बघून सांगतो.”